जुने संकेतस्थळ बदलताना: अकराशे सभासद आणि वीस वर्षांपूर्वीचा फॉन्ट

पत्राचा सारांश: पश्चिम महाराष्ट्रातील एका तालुक्याच्या गावी असलेल्या छोट्या सांस्कृतिक न्यासाच्या सचिवांचे हे पत्र आहे. २००३ साली एका निवृत्त शिक्षकांनी, म्हणजे गावाच्या गुरुजींनी, आपल्या एका माजी विद्यार्थ्याच्या मदतीने न्यासाचे संकेतस्थळ सुरू केले. परिसराचा इतिहास, जात्यावरच्या ओव्या, बोलीतले शब्द आणि जत्रांची माहिती अशा सुमारे २,८०० नोंदी त्यावर आहेत. नोंदणी केलेले सभासद १,१०० असून त्यांतले बरेचसे साठीपुढचे आहेत, तर काही परदेशी असतात. मजकूर जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये असल्याने मोबाइलवर नुसती अगम्य चिन्हे दिसतात. सर्व्हरवरील जुनी प्रणाली येत्या आठ महिन्यांत बंद होईल, असे होस्टिंग कंपनीने कळवले आहे. तरुण विश्वस्तांनी एका व्यावसायिक संस्थेकडून प्रस्ताव घेतला आहे: निवडक दोनशे लेख घेऊन कोरे संकेतस्थळ उभारायचे, सोबत मोबाइल अ‍ॅप काढायचे, सर्वांनी नव्याने नोंदणी करायची आणि पाडव्याला उद्‌घाटन करायचे. गुरुजी मात्र म्हणतात, “आहे त्याला हात लावू नका.” सचिव विचारतात, “जुने वाचक बदलाला घाबरतात. त्यांना न गमावता हे संकेतस्थळ बदलायचे कसे? आणि गुरुजींची समजूत कशी घालायची?”

सचिवताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातल्या एका वाक्यापासून सुरुवात करतो, कारण पुढचे बरेचसे निर्णय त्या वाक्यावर उभे राहणार आहेत. जुने वाचक बदलाला घाबरतात, असे तुम्ही लिहिले आहे. हे तुम्हाला कशावरून वाटते? ज्या माणसाने २००४ साली तुमच्या पानावरची सूचना वाचून फॉन्ट उतरवून घेतला, तो संगणकात बसवला आणि मगच पहिली ओवी वाचली, त्याने तुमच्यासाठी घेतलेले कष्ट आजचा कोणताही नवा वाचक घेणार नाही. पुढे त्याने संगणक बदलला तेव्हा तो फॉन्ट पुन्हा शोधून बसवला असेल. असा वाचक बदलाला भीत नाही. आपण जे शोधायला येतो ते उद्या तिथे सापडणार नाही, ही त्याची भीती असते, आणि तुमच्यासमोर आलेला प्रस्ताव पाहता ती अनाठायी नाही. २,८०० नोंदींपैकी २,६०० वगळायच्या आणि सर्वांना नव्याने नाव नोंदवायला सांगायचे, असे ठरले तर वाचक गेले म्हणून बदलाला दोष देता येणार नाही. त्यांना आपणच दाराबाहेर काढले असे म्हणावे लागेल.

दुसरे गृहीतक असे आहे की, हा प्रश्न “सगळे नवे” आणि “काहीच नवे नाही” या दोन पर्यायांतला आहे. तरुण विश्वस्त आणि गुरुजी यांचे एवढ्या एका गोष्टीवर एकमत दिसते, आणि माझ्या मते दोघांचीही चूक तिथेच आहे. “संकेतस्थळ जुने झाले” या एका वाक्यात चार वेगवेगळ्या तक्रारी दडलेल्या असतात. मजकूर ज्या फॉन्टमध्ये साठवला आहे तो जुना आहे. सर्व्हरवर चालणारा प्रोग्राम जुना आहे. दर्शनी रूप जुने आहे. आणि पानांचे पत्ते, विभागांची नावे व वाचकांच्या सवयी जुन्या आहेत. यांपैकी पहिल्या दोन गोष्टी खरोखर मोडकळीस आल्या असून त्या बदलल्यावाचून गत्यंतर नाही. तिसरी बदलली तर चांगले, पण तिची घाई नाही. चौथी गोष्ट म्हणजे तुमची वीस वर्षांची पुंजी, आणि तिला शक्यतो धक्का लागू द्यायचा नाही. एकाच दिवशी या चारही गोष्टी बदलल्या की, काही बिघडल्यास ते कशामुळे बिघडले हे कोणालाच सांगता येत नाही आणि वाचकालाही ओळखीची एकही खूण सापडत नाही. म्हणून माझा सल्ला असा की, आधी पाया बदला आणि चेहरा तसाच राहू द्या. चेहऱ्याचा विचार त्यानंतर सहा महिन्यांनी, वाचकांना विचारून करा.

आता गुरुजींबद्दल. त्यांची समजूत घालण्याआधी त्यांनी २००३ साली काय केले ते आपण समजून घेऊ. युनिकोडची, म्हणजे सर्व लिप्यांसाठीच्या समान संगणकीय संकेतव्यवस्थेची, पहिली आवृत्ती १९९१ सालची आहे आणि विंडोज २००० बरोबर देवनागरीसाठी मंगल हा फॉन्टही आला होता. तरीही त्या काळी घराघरांत विंडोज ९८ चालत असे आणि त्यावर युनिकोड मराठीचा नीट निभाव लागत नसे. विंडोज एक्सपीवरही भारतीय लिप्यांची सोय मुद्दाम चालू करून घ्यावी लागे. अशा वेळी सर्वांना दिसेल अशी मराठी हवी असेल, तर फॉन्ट उतरवून घ्यायला लावणे हाच व्यवहार्य मार्ग होता. त्यांचा निर्णय त्या दिवशी बरोबर होता. हे त्यांना तुमच्या तोंडून, विश्वस्तांच्या बैठकीत, सर्वांसमोर ऐकायला मिळाले पाहिजे. “तुमचे जुने झाले” या शब्दांनी सुरू झालेल्या बैठकीत कोणताही कर्ता माणूस नकारच देईल.

त्यानंतर त्यांना पुढची गोष्ट दाखवा. जुन्या फॉन्टमध्ये मराठी अक्षर हे केवळ चित्र असते. संगणकाच्या लेखी तो मजकूर इंग्रजीच असतो. उदाहरणार्थ, कृतिदेव फॉन्टमध्ये टंकलेला “मराठी” हा शब्द आत ई, जे, के, बी आणि एच या इंग्रजी अक्षरांच्या रूपात साठवलेला असतो. त्यामुळे गूगलला तो शब्द मराठी म्हणून कळत नाही, दृष्टिहीन वाचकाचे वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर तो वाचू शकत नाही आणि फॉन्ट नसलेल्या मोबाइलवर त्याचा चिखल होतो. पानासोबत फॉन्ट पाठवण्याची जी जुनी सोय होती ती इंटरनेट एक्सप्लोररच्या आधाराने चालत असे, आणि मायक्रोसॉफ्टने तो ब्राउझर १५ जून २०२२ रोजी निवृत्त केला. गुरुजींनी गोळा केलेल्या ओव्या आज त्यांच्या नातवंडांच्या फोनवर शोधून सापडत नाहीत, हे त्यांना एकदा प्रत्यक्ष फोन हातात देऊन दाखवा. “हात लावू नका” याचा अर्थ आज “हळूहळू नाहीसे होऊ द्या” असाच होतो, हे कळायला त्यांना त्यापेक्षा मोठे व्याख्यान लागणार नाही.

मजकूर युनिकोडमध्ये आणणे हे या कामातले सर्वांत मोठे आणि सर्वांत कमी लेखले जाणारे काम आहे, म्हणून त्यावर थोडे सविस्तर लिहितो. रूपांतर करणारी साधने मिळतात आणि ती बहुतांश मजकूर बरोबर बदलतात, पण उरलेला अंश फसवा असतो. जुन्या फॉन्टमध्ये ह्रस्व वेलांटी अक्षराच्या आधी टंकलेली असते, तर युनिकोडमध्ये ती नंतर येते. रफाराचे याच्या नेमके उलट असते. लेखात मध्येच एखादा इंग्रजी शब्द असला तर साधन त्याचीही मोडतोड करून त्याला मराठी करून टाकते. श्री-लिपी, आकृती, शिवाजी, कृतिदेव या प्रत्येकाची संकेतव्यवस्था निराळी, आणि वीस वर्षांत टंकलेखन करणारी माणसे बदलली असतील तर तुमच्याकडे एकापेक्षा जास्त फॉन्ट नक्की निघतील. म्हणून प्रत्येक नोंद कोणत्या फॉन्टमध्ये आहे याची यादी आधी करून घ्या.

मराठीपुरता एक धोका विशेष लक्षात ठेवावा लागेल. ऱ्या आणि र्या यांतला फरक बहुतेक सर्वसाधारण साधनांना नीट सांभाळता येत नाही. सह्याद्रीच्या “दऱ्या” असतील त्या जागी “दर्या” उमटला, तर डोंगराचा समुद्र होतो; जत्रेच्या महाप्रसादाच्या वर्णनात “आचाऱ्यांना” मानाचा शिधा दिला असे असेल आणि तिथे “आचार्यांना” आले, तर प्रथाच बदलते. तुमच्या संग्रहात बोलीतले शब्द आहेत, म्हणजे शुद्धलेखन तपासणारे यंत्र इथे उपयोगाचे नाही. उलट ते बोलीचा शब्द “दुरुस्त” करून त्याचा जीव घेईल. आणखी एक बारकावा: हाच अर्धा ऱ युनिकोडमध्ये दोन प्रकारे साठवता येतो, आणि दोन्ही प्रकार मिसळले गेले तर डोळ्यांना शब्द सारखाच दिसतो, पण शोधताना सापडत नाही. रूपांतरानंतर सर्व मजकूर एकाच प्रकारात आणून ठेवायला तंत्रज्ञाला आधीच सांगा. शोध घेताना ह्रस्वदीर्घाचा आणि अनुस्वाराचा फरक माफ केला जावा, हेही सांगून ठेवा, कारण ओवी शोधायला येणारी आजी व्याकरण तपासून टंकणार नाही.

हे मुद्रितशोधन कोण करणार? माझे उत्तर असे की, ज्यांना गमावण्याची तुम्हाला धास्ती वाटते तेच सभासद. एकेकाला दहा-दहा नोंदी द्या, एका बाजूला जुन्या पानाचे चित्र आणि दुसऱ्या बाजूला नवा मजकूर ठेवा, आणि जिथे फरक दिसेल तिथे खूण करायला सांगा. अकराशेपैकी शंभर जणांनी जरी होकार दिला, तरी एकेकाच्या वाट्याला तीस नोंदीही येणार नाहीत. ज्याने स्वतः तीस ओव्या तपासल्या आहेत, त्याला नवे संकेतस्थळ परके वाटण्याचे कारणच उरत नाही. या कामाचे वाटप गुरुजींच्या हाती द्या. शंकास्थळी शेवटचा शब्द त्यांचाच असू द्या, कारण त्या ओव्या ज्या बायांच्या तोंडून आल्या त्यांच्यासमोर ते प्रत्यक्ष बसले होते. या सगळ्याला आठ महिने पुरणार नसतील, तर ज्या नोंदी जास्त वाचल्या जातात त्या आधी घ्या आणि बाकीच्यांवर “तपासणी बाकी” अशी स्पष्ट पट्टी लावून त्याही प्रसिद्ध करा. जुन्या पानांची चित्रे तपासणीनंतरही फेकू नका. प्रत्येक नोंदीच्या तळाशी “मूळ पान पाहा” एवढा दुवा कायम राहिला, तर पुढच्या पन्नास वर्षांच्या अभ्यासकांची सोय होईल.

दुसरे मोठे काम पत्त्यांचे आहे. वर्ल्ड वाइड वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्येच बजावले होते की, पानाचे पत्ते बदलू नयेत. पाव शतकाहून अधिक काळ उलटूनही संकेतस्थळ बदलताना सर्वांत आधी पत्तेच बदलले जातात. काही वर्षांपूर्वी एका ग्रंथालयाच्या संकेतस्थळाचे स्थलांतर मी पाहिले होते. सगळे जुने पत्ते नव्या मुखपृष्ठाकडे वळवले होते आणि काम उत्तम झाले असे सर्वांनाच वाटत होते. पुढे एका संशोधक बाईंचा फोन आला. त्यांच्या प्रबंधातल्या चाळीस संदर्भांवर टिचकी मारली की चाळीसही वेळा तेच मुखपृष्ठ उघडत होते, आणि प्रबंध तर छापून झाला होता. त्या रागावल्या नव्हत्या, फक्त विचारत होत्या की ते लेख आता कुठे मिळतील. तो प्रश्न माझ्या मनातून गेलेला नाही.

तुमच्या पानांचे पत्तेही दिवाळी अंकांतल्या तळटीपांत, कोणाच्या प्रबंधात, मराठी विकिपीडियाच्या संदर्भांत आणि लोकांच्या वाचनखुणांत गेलेले असणार. छापलेला पत्ता तुम्हाला दुरुस्त करता येत नाही, म्हणून जुन्या प्रत्येक पत्त्यावर आलेला माणूस नव्या संकेतस्थळावरील त्याच नोंदीवर पोहोचला पाहिजे. यासाठी सर्व्हरवर कायमचे पुनर्निर्देशन लावतात, ज्याला तंत्रज्ञ “३०१” म्हणतात. “३०२” हे तात्पुरते असते. कायमच्या स्थलांतरासाठी ते नको. तुमच्या जुन्या पत्त्यांत नोंदीचा क्रमांक असतो असे पत्रासोबतच्या नमुन्यावरून दिसते. ही मोठीच सोय आहे: नव्या डेटाबेसमध्ये तेच क्रमांक कायम ठेवले, तर एकाच नियमाने सर्व पत्ते वळवता येतील. जिथे असा नियम लागू होत नाही अशा पानांची यादी मात्र हातानेच करावी लागेल. ती तीन ठिकाणांहून काढा: सर्व्हरच्या नोंदवह्यांमधून, गूगलला तुमची कोणती पाने माहीत आहेत ते दाखवणाऱ्या सर्च कन्सोलमधून आणि जुन्या पानांच्या प्रती जपणाऱ्या इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमधून, या शेवटच्या ठिकाणी आपणच विसरलेली पाने अनेकदा सापडतात. अशी पुनर्निर्देशने किमान एक वर्ष ठेवावीत असे गूगल सांगते. मी म्हणेन, डोमेन, म्हणजे संकेतस्थळाचे नोंदवलेले नाव, तुमच्याकडे आहे तोवर ती काढूच नका. त्यांना खर्च जवळजवळ काहीच येत नाही.

याचा अर्थ एकही पान वगळू नये असा नाही. भेट देणाऱ्यांची संख्या दाखवणारा आकडा, २००६ च्या एका कार्यक्रमाची निमंत्रणपत्रिका, बंद पडलेले दुवे हे सगळे नव्या घरी न्यायची गरज नाही. ब्रिटिश सरकारने १७ ऑक्टोबर २०१२ रोजी डायरेक्टगव्ह आणि बिझनेस लिंक ही आपली दोन मोठी संकेतस्थळे बंद करून गव्ह.यूके हे एकच संकेतस्थळ सुरू केले, तेव्हा त्यांनीही कितीतरी पाने मुद्दाम सोडून दिली. मात्र जुन्या पत्त्यांची यादी करून प्रत्येकाचे काय करायचे ते त्यांनी आधी ठरवले होते, आणि वगळलेल्या पानाच्या जागी ते हटवल्याची सूचना आणि राष्ट्रीय अभिलेखागारातल्या प्रतीचा दुवा दिला होता. ठरवून आणि सांगून वगळले, तर वाचक ते समजून घेतो. तुमच्या प्रस्तावातल्या “निवडक दोनशे”बद्दल माझी हरकत वेगळी आहे. ती निवड वाचनसंख्येवरून होणार असे दिसते, पण अशा संग्रहात वर्षातून दोनदाच उघडली जाणारी नोंद ही त्या दोन वाचकांच्या येण्याचे एकमेव कारण असू शकते. ज्या नोंदीखाली “आजीकडून ऐकलेली ओवी” असे लिहून नातीने आपले नाव दिले आहे, ती वगळताना तुम्ही एक नोंद आणि एक घर अशी दोन्ही गमावता. नोंद पाठवणाऱ्याचे नाव आणि मूळ तारीख नव्या डेटाबेसमध्ये जशीच्या तशी गेली पाहिजे, हे करारात लिहून घ्या. स्थलांतरात सर्व नोंदींवर एकच नवी तारीख पडण्याचा प्रकार फार वेळा घडतो.

आता सभासदांचे पासवर्ड. “सर्वांनी नव्याने नोंदणी करावी” ही मागणी तंत्रज्ञाच्या सोयीची आहे, तिची तांत्रिक गरज नाही. जुन्या प्रणालीत पासवर्ड बहुधा एमडी५ या जुन्या सांकेतिक पद्धतीने साठवलेले असतील. ही पद्धत आज सुरक्षित मानली जात नाही, आणि त्यावरून मूळ पासवर्ड सरळ परत मिळवताही येत नाही, म्हणून “रूपांतर शक्य नाही” असे तुम्हाला सांगितले गेले असावे. पण त्यावर सरळ उपाय आहे. जुनी साठवण सुरुवातीपासूनच बीक्रिप्ट किंवा आर्गॉन२ या फोडायला अवघड पद्धतींच्या भक्कम आवरणात ठेवायची. सभासद पहिल्यांदा आत येईल तेव्हा त्याचा पासवर्ड जुन्या पद्धतीने पडताळायचा आणि बरोबर निघाला की त्याच क्षणी नव्या पद्धतीने साठवून जुनी नोंद पुसून टाकायची. सभासदाला यातले काही कळतही नाही. तो नेहमीचे नाव आणि नेहमीचा पासवर्ड टाकतो आणि आत येतो. वर्षभरात जे आलेच नाहीत त्यांच्यासाठी पासवर्ड नव्याने ठरवण्याची सोय ठेवून जुन्या नोंदी काढून टाकाव्यात.

“पासवर्ड बदलण्याचा दुवा सर्वांना ईमेलने पाठवू” हा मार्ग तुमच्या बाबतीत का चालणार नाही, याचे कारण तुमच्याच सभासदयादीत आहे. २००३-०४ मध्ये अनेकांनी विदेश संचार निगमचे ईमेल पत्ते दिले असतील. ती कंपनी २००२ मध्ये टाटांकडे गेली, २००८ मध्ये तिचे नावही बदलले, आणि त्या काळचे ईमेल पत्ते आज कोण वापरत असेल? कोणाचा पत्ता निवृत्तीपूर्वीच्या कचेरीचा असेल. अशा पत्त्यांवर पाठवलेला दुवा कोणालाच मिळणार नाही, आणि ज्याला तो मिळाला नाही तो तक्रारही करणार नाही. तो फक्त यायचा थांबेल. तेव्हा स्थलांतराच्या आधी, जुने संकेतस्थळ चालू असतानाच, सभासद आत आला की “तुमचा ईमेल आणि फोन क्रमांक हाच आहे ना?” एवढे विचारणारी पट्टी लावा. सहा महिन्यांत बहुतेक नित्याच्या सभासदांचे चालू पत्ते तुमच्याकडे येतील. फोन क्रमांक कशासाठी मागता हे तिथेच साध्या शब्दांत लिहा, कारण वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदा ध्यानात ठेवूनच ही यादी बाहेरच्या संस्थेच्या हाती द्यावी लागेल. सभासदांना पत्रे पाठवण्यापूर्वी डोमेनसाठी एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या, पत्र खरोखर तुमच्याकडूनच आले आहे हे पटवणाऱ्या नोंदी तंत्रज्ञाकडून करून घ्या. फेब्रुवारी २०२४ पासून गूगलने याबाबत कडक धोरण घेतले असून या नोंदी नसलेल्या नव्या सर्व्हरवरून एकदम हजार पत्रे गेली, तर ती स्पॅममध्ये जाऊन पडण्याचीच शक्यता अधिक.

पाडव्याच्या उद्‌घाटनाबद्दल स्पष्टच लिहितो: त्या दिवशी समारंभ अवश्य करा, पण स्थलांतर त्या दिवशी करू नका. ठरलेल्या तारखेला जुने बंद आणि नवे सुरू असा प्रकार किती महाग पडतो, हे आपण आयकर विभागाच्या बाबतीत पाहिले आहे. जून २०२१ मध्ये जुने संकेतस्थळ सहा दिवस बंद ठेवून ७ जूनला नवे उघडले गेले. पहिल्याच दिवसापासून अडचणी आल्या, खुद्द अर्थमंत्र्यांना जाहीरपणे दखल घ्यावी लागली आणि विवरणपत्रांची मुदत अखेर ३१ डिसेंबरपर्यंत वाढवावी लागली. करदात्याला दुसरीकडे जाण्याची सोय नव्हती, म्हणून तो थांबला. वाचकाला ती सोय असते. ऑगस्ट २०१० मध्ये डिग या, वाचकांनीच दुवे सुचवून त्यांना मते देण्याच्या लोकप्रिय अमेरिकी संकेतस्थळाने आपली चौथी आवृत्ती आणली, त्यात वापरकर्त्यांच्या सवयीच्या काही सोयी काढून टाकल्या आणि जुन्या आवृत्तीकडे परतण्याची वाटही ठेवली नाही. लोक मोठ्या संख्येने रेडिट या तशाच दुसऱ्या संकेतस्थळाकडे गेले, आणि दोन वर्षांच्या आत डिग पूर्वीच्या मानाने नगण्य किमतीला विकले गेले. परतीची वाट नसणे, हा या दोन्ही प्रसंगांतला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग आहे.

तुम्ही असे करा. पाडव्याच्या तीन महिने आधी नवे संकेतस्थळ त्याच डोमेनच्या एका उपपत्त्यावर उघडा. शोधयंत्रांना ते वर्ज्य ठेवा, नाहीतर एकच मजकूर दोन ठिकाणी दिसून गोंधळ होईल. जुन्या संकेतस्थळावर “नवे संकेतस्थळ पाहा” आणि नव्यावर “जुन्याकडे परत जा” असे ठळक दुवे ठेवा. या काळात नव्या नोंदी मात्र एकाच ठिकाणी, म्हणजे जुन्यातच, स्वीकारा आणि रोज रात्री तिकडून इकडे आणा. दोन्हीकडे लिहायची मुभा दिली, की महिनाभरात कोणती प्रत खरी हे गुरुजींनाही सांगता येणार नाही. महिना-दीड महिन्यात तक्रारी ओसरल्या, की मुख्य पत्ता नव्याकडे वळवा. त्यासाठी आठवड्याच्या मधला एखादा साधा दिवस, सकाळची वेळ निवडा, आणि आदल्या दिवशी डोमेनच्या नोंदी इतर संगणकांनी किती वेळ लक्षात ठेवायच्या ती मुदत पाच मिनिटांवर आणून ठेवायला सांगा, म्हणजे काही बिनसले तर थोड्या वेळात परत फिरता येईल. जुन्याची पूर्ण प्रत, प्रोग्रामसकट, आणखी वर्षभर दोन वेगवेगळ्या ठिकाणी जपून ठेवा. पाडव्याला मग जे संकेतस्थळ दीड-दोन महिने बिनबोभाट चालते आहे, त्याचेच उद्‌घाटन होईल, आणि मुद्रितशोधन करणाऱ्या सभासदांना व्यासपीठावर बोलावता येईल.

मुख्य पत्ता वळवण्यापूर्वी पाच सभासदांच्या शेजारी प्रत्यक्ष बसा. त्यांना एक काम सांगा, उदाहरणार्थ, “भोंडल्याची गाणी शोधा”, आणि मग गप्प बसून पाहा. त्यांची बोटे कुठे अडखळतात ते लिहून घ्या. मध्ये बोलून मदत करू नका. त्यांतला एक तरी सभासद जुना संगणक वापरणारा असावा, कारण विंडोज ७ वर क्रोमची १०९ वी आवृत्ती हीच शेवटची आहे आणि नवे संकेतस्थळ त्यावरही उघडले पाहिजे. विभागांची नावे आणि त्यांचा क्रम आहे तसाच राहू द्या. अक्षर मोठे ठेवा. अ‍ॅपचा विचार सध्या बाजूला ठेवा. मोबाइलवर नीट दिसणारे संकेतस्थळ झाले की त्याची गरज आपोआप तपासता येईल, आणि अ‍ॅप सांभाळण्याचा दरवर्षीचा खर्च त्या प्रस्तावात मला दिसत नाही. त्याच पैशात मुद्रितशोधनासाठी एक जाणकार माणूस सहा महिने नेमता येईल.

व्यावसायिक संस्थेशी जरूर काम करा. त्यांचा हेतू वाईट आहे असे मला वाटत नाही, त्यांना तुमचे वाचक माहीत नाहीत एवढेच. त्यांच्यापुढे कामाचा नवा मसुदा ठेवा. त्यात सर्व नोंदींचे रूपांतर, क्रमांक व तारखा कायम, प्रत्येक जुन्या पत्त्याचे पुनर्निर्देशन, जुने पासवर्ड चालू आणि काम संपल्यावर प्रोग्राम व डेटाबेस यांची संपूर्ण प्रत न्यासाच्या ताब्यात, या अटी असाव्यात. या अटी ऐकून संस्थेने किंमत वाढवली तर त्यावर बोलता येईल. त्यांनी “याची गरज नसते” असे म्हटले, तर मात्र दुसरी संस्था शोधा.

या सगळ्याच्या आधी एक गोष्ट व्हायला हवी. पत्राच्या शेवटी तुम्ही सहज लिहून गेला आहात की, डोमेनच्या नूतनीकरणाची पावती न्यासाकडे नाही आणि दरवर्षी “ते कुठून तरी भरले जाते”. याचा अर्थ डोमेन बहुधा आजही गुरुजींच्या त्या विद्यार्थ्याच्या नावावर, त्याच्याच ईमेलवर आहे आणि तो इतकी वर्षे गावाकडे एक शब्दही न बोलता पैसे भरत आला आहे. त्याचे कार्ड बदलले किंवा तो ईमेल बंद पडला, तर वर लिहिलेल्या कशालाच अर्थ उरणार नाही. तो आता बंगळूरला असतो असे तुम्ही म्हणता. डोमेन न्यासाच्या नावावर करून घ्या, जमल्यास एकदम दहा वर्षांसाठी भरा, तेवढी कमाल मुदत मिळते, आणि होस्टिंगचे व डेटाबेसचे पासवर्डही त्याच वेळी मागून घ्या. यासाठी त्याला करायचा फोन तुम्ही किंवा तरुण विश्वस्तांनी करू नये. तो गुरुजींना करू द्या. त्याने भरलेल्या वर्षांचे पैसे न्यास परत करू इच्छितो, हेही गुरुजींनीच त्याला सांगावे, आणि त्याच्या मनात असेल तर रूपांतराच्या कामात त्याला बरोबर घ्या. कोणत्या वर्षी कोणता फॉन्ट वापरला, हे त्याच्याइतके कोणालाच आठवणार नाही.